परक्या आईचे सयाम : अ‍ॅना लिओनोवेन्स, अहमदनगर आणि बँकॉकमधील पालकत्व

प्रस्तावना

वालीव हे वसई पूर्वेचे गाव गेल्या काही दशकांत गाळ्यांचे आणि कारखान्यांचे गाव झाले. जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या दिवसांत येथील महाविद्यालयीन खिडकीशी एक दृश्य वारंवार दिसते. उत्तर प्रदेशातून किंवा ओडिशातून आलेला बाप अर्जातील 'जन्मस्थळ' व 'मातृभाषा' या दोन रकान्यांपाशी थबकतो आणि त्याच्या वतीने मुलगाच सफाईदार मराठीत उत्तरे देतो. बाप परका राहिला आहे. मूल येथलेच झाले आहे. या अंतराचा बापाला अभिमानही असतो आणि त्याची बोचही असते. आपल्याकडील इतिहासलेखनात परका माणूस येतो तो बहुधा अधिकारी, व्यापारी, मिशनरी किंवा मजूर म्हणून. आई किंवा बाप म्हणून तो क्वचितच येतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय अशा एका आईचा आहे. तिचा जन्म महाराष्ट्रात झाला, विवाह पुण्यात झाला आणि परक्या देशात मूल वाढविण्याचा अनुभव तिने घेतला तो सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये. अ‍ॅना लिओनोवेन्स हे नाव जगाला माहीत आहे ते मार्गारेट लँडन यांच्या १९४४ च्या कादंबरीमुळे, त्यावर आधारित १९५१ च्या संगीतिकेमुळे आणि १९५६ च्या चित्रपटामुळे. थायलंडमध्ये त्या चित्रपटावर बंदी आली. १९९९ मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला, त्यावरही आली. या साऱ्या गदारोळात राजा मोंगकुट आणि गोरी शिक्षिका एवढेच चित्र उरले. त्या शिक्षिकेचा हात धरून बँकॉकच्या धक्क्यावर उतरलेला पाच वर्षांचा मुलगा चित्राच्या कडेला ढकलला गेला. प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन असे की अ‍ॅनाचे बँकॉकमधील रोजचे वैताग आणि आपल्या जन्माविषयी तिने आयुष्यभर जपलेले असत्य या दोन्हींचा उलगडा त्या मुलाकडे पाहिल्याखेरीज होत नाही.

साधनांविषयी

अ‍ॅनाची तीन पुस्तके महत्त्वाची आहेत : सयामी दरबारातील इंग्रज शिक्षिकेच्या आठवणी (१८७०), राजाच्या अंतःपुरातील कथा (१८७३) आणि भारतातील जीवन व प्रवास (१८८४). पहिल्या दोन पुस्तकांच्या विश्वसनीयतेवर अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे आणि ती योग्यच आहे. उदाहरणार्थ, राजवाड्याखालील तळघरातील कोठड्यांचे तिने केलेले वर्णन बँकॉकसारख्या पाणथळ भूमीवरील शहरात संभवनीय नाही. राजाला क्रूर ठरविणारे काही प्रसंग तर कथेच्या सोयीसाठी रचलेले दिसतात. भारतातील प्रवासाच्या पुस्तकात ती स्वतःला ब्रिटनमधून प्रथमच मुंबईला आलेली पाहुणी म्हणून दाखविते, हे तर सरळ खोटे आहे.

मग या साधनांचा उपयोग कसा करावयाचा? येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. ज्या ठिकाणी अतिशयोक्तीने पुस्तक खपणार होते, तेथे तिच्यावर विश्वास ठेवू नये. पण राहावयास दिलेले घर गलिच्छ होते, ठरलेल्या घरासाठी महिनोन्महिने पाठपुरावा करावा लागला, आजारपणात मुलाची चिंता वाटली, अशा तक्रारी रचून लेखिकेला फारसे काही साधावयाचे नव्हते. अंतःपुराची वर्णने वाचण्यासाठी लोकांनी ती पुस्तके विकत घेतली. या तक्रारी बहुतेकांनी नजरेआड केल्या असाव्यात. दैनंदिन जीवनाच्या अभ्यासकाला मात्र त्यांचेच मोल अधिक आहे.

छावणीतील जन्म

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) इंग्रजांनी १८०३ मध्ये जिंकले आणि तेथे लष्करी ठाणे वसले. या ठाण्यात नोव्हेंबर १८३१ मध्ये अ‍ॅनाचा जन्म झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात आपले केंद्र उघडले. वडील थॉमस एडवर्ड्स हे मूळचे सुतारकाम करणारे, कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीतील सार्जंट; मुलीच्या जन्मापूर्वीच ते वारले. आई मेरी अ‍ॅन ही मुंबई पायदळातील एका लेफ्टनंटची कन्या. मेरी अ‍ॅनची आई कोण, याची नोंद नाही. ती भारतीय किंवा मिश्रवंशीय असावी, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. नोंद नसणे हाच येथे बोलका पुरावा आहे, कारण गोऱ्या पत्नीचे नाव सहसा गाळले जात नसे.

सार्जंटच्या विधवेला छावणीत फार काळ एकटे राहणे परवडत नसे. मेरी अ‍ॅनने १८३२ च्या आरंभीच पॅट्रिक डॉनोहो या आयरिश शिपायाशी विवाह केला. अ‍ॅना आणि तिची थोरली बहीण इलायझा या दोघी त्या घरात वाढल्या. इलायझाचे लग्न वयाच्या पंधराव्या वर्षी एका सैनिकाशी लावून देण्यात आले. (भयपटांतील प्रसिद्ध नट बोरिस कार्लोफ हा या इलायझाचा नातू, त्यानेही आपले खरे नाव टाकले होते.) अ‍ॅनाने २५ डिसेंबर १८४९ रोजी पुण्यात थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी विवाह केला. पुढे त्याच्या मधल्या व शेवटच्या नावाचा सांधा जुळवून 'लिओनोवेन्स' हे भारदस्त आडनाव तयार झाले.

या पार्श्वभूमीचा अर्थ समजण्यासाठी कंपनीचे नियम आठवावे लागतात. १७९१ मध्ये भारतीय व्यक्तीच्या पुत्रांना कंपनीच्या मुलकी, लष्करी व आरमारी नोकऱ्यांची दारे बंद करण्यात आली. १७९५ मध्ये आईबाप दोघेही युरोपीय नसलेल्यांना सैन्यात ढोल-बासरी वाजविणारे, बँडवाले किंवा नालबंद एवढ्याच जागा उरल्या. १८३३ च्या सनदी कायद्याने वंशाची आडकाठी कागदावर दूर केली, पण छावणीतील नजर कागदाप्रमाणे बदलत नाही.

वसईच्या वाचकाला यात काही नवल वाटू नये. येथील किल्ल्यात १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्ता होती आणि परदेशी बाप ही येथील नित्याची गोष्ट होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचा मुलगा. जेझुइटांच्या छायेत तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषेत पारंगत झाला. तरीही जेझुइट संघाचा सदस्य होणे त्याला साधले नाही. अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघात त्याला स्थान मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. बापाचा देश एक, आईचा दुसरा आणि उपयोगी पडली ती तिसऱ्याच देशाची भाषा! ज्या वर्षी रोममध्ये गोन्सालोला संतपद मिळाले, त्याच वर्षी अ‍ॅना आपल्या मुलासह बँकॉकला पोहोचली. हा केवळ योगायोग; त्यातून काही निष्कर्ष काढावयाचा नाही.

दोन मुले पुरून, दोन मुले घेऊन

अ‍ॅनाची पहिली मुलगी सेलिना सुमारे दीड वर्षांची होऊन गेली. १८५२ मध्ये पतीपत्नी ऑस्ट्रेलियाकडे निघाली. वाटेत जहाजावर जन्मलेला मुलगा थॉमस तेराव्या महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात वारला. त्याच वसाहतीत १८५४ मध्ये अ‍ॅव्हिस व १८५६ मध्ये लुईस यांचा जन्म झाला. १८५७ मध्ये कुटुंब सिंगापूरमार्गे पिनांगला आले आणि तेथे हॉटेल चालविणारा थॉमस मे १८५९ मध्ये मरण पावला. सत्तावीस वर्षांची विधवा, दोन मुले, पाठीशी नातेवाईक नाहीत. नातेवाईक होते ते भारतात, पण त्यांच्याकडे परतणे म्हणजे पुन्हा छावणीत परतणे होते.

सिंगापूरला आल्यावर तिने स्वतःला नव्याने घडविले. जन्म वेल्समधील, तोही १८३४ चा, वडील कॅप्टन, पती लष्करी अधिकारी, वाघाच्या शिकारीनंतर उष्माघाताने गेलेला. या कहाणीला अभ्यासकांनी कधी प्रतिष्ठेची हाव म्हटले, कधी स्त्रीने स्वतःला घडविण्याचे धाडस म्हटले. दोन्ही म्हणणी काही अंशी खरी आहेत. परंतु त्या काळातील हिशेब साधा होता. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडावयाची, तर शिक्षिका 'खरी' इंग्रज असली पाहिजे. आणि आई इंग्रज ठरली, तरच अ‍ॅव्हिस व लुईस इंग्रज ठरणार. सार्जंटच्या मुलीजवळ जमीन, पेन्शन, घराणे यांपैकी काहीच नव्हते. मुलांच्या नावे करून देण्यासारखी तिची एकच मालमत्ता होती, तिचे इंग्रजपण. आणि त्या मालमत्तेचा दस्तऐवज बनावट होता.

सिंगापूरची शाळा नीट चालली नाही. सयामचे तेथील वकील व व्यापारी टान किम चिंग यांच्यामार्फत राजा मोंगकुट याच्या मुलांसाठी शिक्षिका हवी असल्याचे कळले. १८५१ नंतर काही वर्षे अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नी अंतःपुरात शिकवीत होत्या, परंतु धर्मप्रचारामुळे ते शिक्षण राजाला नकोसे झाले होते. म्हणून फेब्रुवारी १८६२ च्या पत्रात त्याने इंग्रजी भाषा, शास्त्र आणि साहित्य शिकवावे, धर्मांतराचा प्रयत्न करू नये, अशी अट घातली. वेतन दरमहा शंभर डॉलर. ही अट पालकाची आहे, हे आपण विसरतो. मोंगकुट याला ऐंशीहून अधिक अपत्ये होती. मुलांना परकी विद्या मिळावी, मात्र मुले परकी होऊ नयेत, एवढेच त्याचे मागणे होते. नेमलेल्या शिक्षिकेची स्वतःच्या मुलाविषयीची काळजी याहून वेगळी नव्हती.

सात वर्षांच्या अ‍ॅव्हिसला तिने इंग्लंडला वसतिगृहाच्या शाळेत पाठविले आणि लुईसला बरोबर घेतले. दोघांपैकी एकालाच जवळ ठेवणे परवडणार होते. मुलीला 'चांगले वळण' लागावे म्हणून तिची रवानगी आधी झाली असावी.

बँकॉकमधील दिवस

मार्च १८६२ मध्ये मायलेक बँकॉकला उतरले. बरोबर मुन्शी हा फार्सीचा शिक्षक, बीबी नावाची आया आणि बेसी नावाचा कुत्रा असा परिवार होता. सयाममध्ये आलेल्या या 'इंग्रज' घराची भाषा, जेवण आणि नोकरचाकर हे बऱ्याच अंशी हिंदुस्थानी होते, ही गोष्ट तिच्या स्वतःच्या पुस्तकातूनच डोकावते. पहिल्या रात्री उतरण्याची सोय नव्हती. बंदरावरील एका इंग्रज कॅप्टनने आसरा दिला, असे ती लिहिते. त्यानंतर काही महिने पंतप्रधानांच्या, म्हणजे क्रलाहोमच्या वाड्यात काढावे लागले.

घराचा प्रश्न तिच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो. तिला स्वतंत्र घर हवे होते, राजवाड्याच्या भिंतीबाहेर. तिने राजवाड्यातच राहावे, ही राजाची इच्छा. ती राजी झाली नाही. नंतर दाखविलेले एक घर तिने गलिच्छ म्हणून नाकारले आणि बऱ्याच खटपटीनंतर नदीकाठी मनासारखे घर मिळाले. भिंतीच्या आत राहणारी स्त्री ही राजाच्या परिवारातली मानली जाई, आणि तिचे मूलही. बाहेर राहणारी स्त्री १८५५ च्या बाऊरिंग करारान्वये ब्रिटिश वकिलातीच्या अधिकारक्षेत्रात येई. घराचा पत्ता हा नागरिकत्वाचा भाग होता. तिच्या घरासाठीच्या हट्टाला 'मेमसाहेबी नखरे' म्हणून हसणाऱ्यांनी हा करार एकदा वाचावा.

शाळा राजवाड्यातील एका मंदिराच्या दालनात भरे. राजपुत्र, राजकन्या, काही राण्या आणि त्यांच्याबरोबर लुईस. पुढे राजा झालेला चुलालोंगकोर्न हा याच वर्गातला. शिकविण्याबरोबर राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे कामही तिच्या अंगावर पडले आणि त्यासाठी वेळी-अवेळी बोलावणी येत. वेतनवाढीवरून कुरबूर चाले. तिची प्रकृती ढासळत गेली. एवढ्या मिळकतीतून अ‍ॅव्हिसच्या शाळेचा खर्च भागवावयाचा होता. मुलीची ख्यालीखुशाली बोटीच्या टपालाने, आठवडे उलटून गेल्यावर कळे.

लुईसची गोष्ट निराळी होती. तो थाई बोलू लागला, राजपुत्रांबरोबर खेळू लागला. आई दुभाष्याच्या आधाराने चालत होती आणि मुलगा मात्र त्या भाषेत मोकळेपणाने वावरत होता. हीच स्थिती मुंबईत काही वर्षांनी कलाशिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या घरी दिसते. तेथे लहान रुडयार्ड नोकरांच्या भाषेत रमे आणि आईबापांसमोर जाताना इंग्रजी बोलण्याची आठवण त्याला करून द्यावी लागे. १८७१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, त्याला इंग्लंडला परक्या घरी ठेवण्यात आले. पूर्वेकडे मूल फार दिवस ठेवले तर ते 'बिघडते', ही त्या वर्गाची ठाम समजूत होती. बिघडते म्हणजे काय, तर तेथले होते. अ‍ॅनाला ही भीती इतरांहून अधिक जाणवली असणार, कारण लुईस कोणत्या वंशाचा हा प्रश्न कोणी विचारलाच, तर उत्तर अहमदनगरपर्यंत जात होते.

जुलै १८६७ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ती सयाममधून निघाली. लुईसला आयर्लंडमधील शाळेत ठेवले आणि अ‍ॅव्हिसला घेऊन ती अमेरिकेला गेली. १ ऑक्टोबर १८६८ रोजी मोंगकुट याचे निधन झाले. तिला परत बोलावणे आले नाही.

नॉक्स यांचे घर

त्याच काळात बँकॉकमध्ये आणखी एक परदेशी पालक होता आणि त्याची स्थिती अ‍ॅनाच्या अगदी उलट होती. टॉमस जॉर्ज नॉक्स हा आयरिश सैनिक १८५० च्या दशकाच्या आरंभी सयामला आला. त्याने दुसऱ्या राजाच्या फौजेला कवायत शिकविली, पुढे ब्रिटिश वकिलातीत शिरला आणि महावकील झाला. प्रांग या थाई स्त्रीपासून त्याला मुली झाल्या. वकिलातीच्या दारात या मुली ब्रिटिश होत्या, आईच्या माहेरी थाई.

१८७९ मध्ये त्याची मुलगी फॅनी हिने फ्रा प्रीचा या थाई अधिकाऱ्याशी विवाह केला. थोड्याच दिवसांत सोन्याच्या खाणीतील अपहार व इतर आरोपांवरून प्रीचाला अटक झाली. नॉक्स यांनी जावयासाठी ब्रिटिश युद्धनौका आणविली. बापाच्या हाती गनबोट असल्याची अशी उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतील. लंडनने या कृतीला पाठिंबा दिला नाही. नॉक्स यांना परत बोलाविण्यात आले आणि प्रीचाला त्याच वर्षी देहदंड झाला. यातील राजकारण, दरबारातील घराण्यांची चढाओढ, यांवर बरेच लिहिले गेले आहे. एवढी सत्ता हाताशी असूनही मुलीच्या संसाराचा निर्णय बापाच्या देशात झाला नाही, तो आईच्या देशात झाला, इतकेच येथे नोंदवावयाचे आहे.

आज थायलंडमध्ये गनबोटीही नाहीत आणि वकिलातीची न्यायालयेही नाहीत. परदेशी पालकाला तेथे भिडावे लागते ते कायद्याच्या कलमांना. १९७९ च्या कायद्यानुसार तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो, मग तिची मुले तेथील शाळेत राष्ट्रगीत म्हणत का असेनात. विवाह नोंदलेला नसेल तर मूल केवळ आईचे औरस मानले जाते. बापाला आपले बापपण स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावे लागते. थाई आई व परदेशी बाप यांच्या मुलांना आईचे नागरिकत्व निःसंदिग्धपणे मिळू लागले ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. आपल्याकडेही हा हिशेब तारखांवर चालतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या मुलाला जन्मानेच नागरिकत्व मिळे; त्यानंतर आईबापांपैकी एकाचे तरी भारतीयत्व पाहिले जाऊ लागले आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसऱ्याची कागदपत्रेही तपासली जाऊ लागली. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या हेग कराराला थायलंड २००२ मध्ये जोडला गेला. भारत अद्याप त्याबाहेर आहे.

लुईसचे परतणे

१८८० च्या दशकाच्या आरंभी लुईस सयामला परतला. बालपणीचा सोबती आता राजा होता. चुलालोंगकोर्नने त्याला घोडदळात कॅप्टनचा हुद्दा दिला. ज्या कॅप्टनपदाची आईने आपल्या वडिलांसाठी कल्पना केली होती, ते मुलाला खरोखर मिळाले. तेही थाई राजाकडून, इंग्रज सरकारकडून नव्हे. पुढे तो सागवानाच्या व्यापारात शिरला. उत्तर सयामच्या जंगलांत त्याच्या कामी आले ते राजवाड्यातील वर्गात कानावर पडलेले थाई. १९०५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. ज्या भाषेपासून मुलाला दूर न्यावे म्हणून आईने त्याला आयर्लंडला पाठविले, तिच्यावरच त्याचा चरितार्थ उभा राहिला. अ‍ॅनाने याविषयी काय म्हटले असेल, याची उत्सुकता वाटते.

१८८४ मध्ये लुईसचा विवाह झाला तो कॅरोलाइन नॉक्सशी, म्हणजे त्याच टॉमस नॉक्स व प्रांग यांच्या धाकट्या मुलीशी. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. १८९३ मध्ये कॅरोलाइन वारली आणि लुईसने दोन्ही मुले कॅनडात आईकडे पाठविली. अ‍ॅना तेव्हा साठी ओलांडलेली. हॅलिफॅक्समध्ये कलाशाळेच्या स्थापनेत (१८८७) पुढाकार घेतलेली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारी प्रतिष्ठित बाई. ज्यांची आजी थाई होती अशी ही दोन नातवंडे तिने वाढविली. तिची स्वतःची आजी कोण होती, हे तिने कोणाला सांगितल्याचा पुरावा नाही. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे ती वारली. लुईस १९१९ मध्ये गेला.

पुढे अनेक वर्षांनी डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हा इंग्रज अभ्यासक लुईसचे चरित्र लिहावयास बसला. हा गृहस्थ मूळचा कोळ्यांचा तज्ज्ञ. जाळे विणणाऱ्या कोळ्यांचा, असा खुलासा आपल्या किनाऱ्यावर करावा लागतो. त्याचे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. चरित्राची सुरुवात जन्मापासून करावी म्हणून त्याने लंडनमध्ये लुईसची जन्मनोंद शोधली. ती सापडली नाही. मग त्याने कंपनीची जुनी दप्तरे काढली आणि माग अहमदनगरच्या छावणीत येऊन पोहोचला.